तिसरी गाडी

ड्रुसिला पुढच्या दाराने आली, आणि तेही घंटी वाजवून. मेम्फिसच्या ऑरेंज माउंड वस्तीतल्या त्या घराची घंटी दोघेच वाजवायचे, विमेवाला आणि पोलीस. घरचं माणूस स्वयंपाकघराच्या दाराने येतं, येता येता पातेल्यावरचं झाकण उचलून बघतं आणि ओझेलाच्या हातचा फटका खातं. ओझेलाचा धाकटा मुलगा थॅडियस जिवंत होता तोवर ही बाई अकरा वर्षं त्याच दाराने ये-जा करत होती. आणि आज घंटी!

"दार उघडंच आहे," ओझेला टेबलाच्या वरच्या टोकाशी बसल्या जागेवरून ओरडली. "का आमंत्रणपत्रिका छापून घेऊ?"

चर्चहून येऊन बराच वेळ झाला होता, तरी तिने डोक्यावरची जांभळी हॅट काढली नव्हती. जेवताना हॅट डोक्यावर राहिली की घरातले समजून जायचे, आज कुणाचा तरी निवाडा आहे. टेबलावर तळलेला कॅटफिश होता, स्पॅगेटी होती, कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव होता. डाव्या हाताला थोरला मुलगा होलिस, न्यू सायलोम चर्चचा कारभार बघणारा डीकन, गळ्याशी टाय तशीच आवळलेली. उजव्या हाताला थॅडियसची बायको व्हर्नेटा, चर्चच्या दाराशी लोकांना जागा दाखवायचा पांढरा गणवेश अजून अंगावर. आणि पार खालच्या टोकाला व्हर्नेटाची एकोणीस वर्षांची मुलगी जोनेल, ताटातली स्पॅगेटी काट्याने नुसती गोल गोल फिरवत बसलेली.

व्हर्नेटा थॅडियसची बायको होती ती कागदावर. जोनेल चालायला-बोलायला लागली तोवर संसार मोडला होता. पण घटस्फोटाच्या कागदावर सही करायला दोघांनाही कधी सवड झाली नाही, आणि ओझेलानेही ती होऊ दिली नाही. थॅडियस गावोगावच्या चर्चचे ऑर्गन दुरुस्त करायचा. असाच एक ऑर्गन उघडून बसला असताना त्याला ही गाणारी ड्रुसिला भेटली, आणि मग तो तिच्याकडेच राहायला गेला.

ड्रुसिला आत आली. गालांची हाडं वर आली होती, पण पाय जमिनीवर नीट पडत होते. काखेत तपकिरी पाकिटातली एक तबकडी.

"कशा आहात, मिस ओझेला?"

"जिवंत आहे. तू?"

"मीही."

"ते दिसतंय. मधे दिसत नव्हतं."

कुणीच हसलं नाही. ड्रुसिला मात्र खळखळून हसली, आणि ओझेलाने मनातल्या मनात तिच्या नावावर एक गुण मांडला. थॅडियसला पुरल्यावर या बाईने बाटली जवळ केली होती. एकदा गाता गाता क्लबच्या स्टेजवरून खाली पडली. मग नॅशव्हिलला, पिणाऱ्यांना सुधारतात अशा एका घरात सगळा हिवाळा काढून आली. परत आल्यावर एका बंद पडलेल्या सिनेमागृहात थॅडियसचे जुने वाजवणारे दोस्त जमवले आणि हा अल्बम केला. यातलं सगळं ओझेलाला टेलिफोनवरून कळलं होतं. तिने स्वतःहून कुणाला काही विचारलं नव्हतं. फक्त फोन ठेवायची घाई केली नव्हती.

"काय पिणार?" व्हर्नेटाने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"गोड चहा, भरपूर बर्फ घालून. त्याची चटक सोडवणारा अजून जन्मायचाय."

होलिसने घसा खाकरला. चर्चमध्ये हिशेबाची बैठक सुरू करताना तो असाच खाकरायचा. "जेवणाआधी एक गोष्ट साफ होऊ दे. परवा न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला साबण. आणि पलीकडचा माणूस विचारतो, काय डीकन, तुमच्या घरावर गाणं निघालंय म्हणे? उठून जाताही येईना मला!"

"तेच ऐकवायला आलेय," ड्रुसिला म्हणाली. "ही रेकॉर्ड कंपनीने तपासायला पाठवलेली पहिली तबकडी. बाकीच्या अजून छापायला घेतलेल्या नाहीत. लोकांनी दुकानात ऐकण्याआधी तुम्ही या टेबलावर ऐकावं. मिस ओझेला म्हणाल्या काढ, तर ते गाणं काढून टाकीन."

"कंपनीला विचारलंस?"

"कंपनी चिडेल. चिडू दे. डीकन, नॅशव्हिलला मी एकच गोष्ट शिकले. ज्याच्याबद्दल बोलायचं ते त्याच्या तोंडावर. पाठीमागे बोलायला लागले की मला तहान लागते."

ओझेलाने कॅटफिशचा काटा ओठांतून काढून ताटाच्या कडेला ठेवला. "लाव," ती म्हणाली. "जेवण गार झालं तरी कुणी मरत नाही."

बैठकीच्या खोलीतलं लाकडी पेटीचं रेकॉर्ड प्लेअर थॅडियसनेच बसवून दिलं होतं. मधलं दार सताड उघडून जोनेलने तबकडी ठेवली. कोणती बाजू आधी ते तिने विचारलं नाही. ओझेलाने ते बघितलं आणि तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

आधीची गाणी सगळ्यांनी जेवता जेवता ऐकली. एकात ही बाई सकाळी दोन कप कॉफी करते आणि दुसरा मोरीत ओतते. एकात बाटलीशी बोलते, नवऱ्याशी भांडावं तशी भांडते, आणि शेवटी बाटलीलाच घराबाहेर काढते. ते ऐकून होलिसचा पाय टेबलाखाली ठेका धरायला लागला. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने पाय आवरला. ओझेलाची शाळा तिसरीत सुटली होती आणि पुढचं सगळं शिक्षण मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात झालं होतं, पण गळ्यातलं तिला कळत होतं. चर्चच्या पहिल्या बाकावर बसून उभा जन्म गळेच ऐकले होते तिने. या बाईचा गळा आधीही चांगला होता. पण आधी ती गळा दाखवायची, लग्नात दागिने दाखवतात तसा. आता दाखवत नव्हती. आता जे सांगायचं होतं तेवढंच सांगत होती.

मग ते गाणं लागलं.

तिसरी गाडी. मेम्फिसमध्ये त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मयताच्या दिवशी काळ्या गाड्या दाराशी लागतात आणि शेजारपाजारचे आपापल्या पोर्चवर उभे राहून बघतात, पहिलीत कोण, दुसरीत कोण. गेलेल्या माणसाला कोण किती जवळचं होतं ते तिथेच ठरतं, मग पाद्री काहीही बोलो. थॅडियसच्या दिवशी गाड्यांचा माणूस ओझेलासमोर अदबीने उभा राहिला होता आणि तिने तोंडी सांगितलं होतं, पहिलीत मी, होलिस, व्हर्नेटा आणि जोनेल. दुसरीत माझ्या शिकागोच्या बहिणी. तिसरीत अर्कान्सासचे लांबचे नातेवाईक. आणि ती.

तबकडीवरचा आवाज अगदी शांत होता. "तिसऱ्या गाडीतला पाहुणा विचारतो, बाई, तुम्ही त्यांच्या कोण? मी त्याच्या शर्टाचं बटण, मी त्याच्या कॉफीतली साखर, सांगा पाहुणे, मी त्याची कोण?" मागून आणखी एक आवाज हळूच यायचा आणि फक्त तेवढंच म्हणायचा, कोण? शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं चढली, ट्रम्पेट वाजला, आणि ड्रुसिला गळा मोकळा सोडून गायली, "पहिल्या गाडीतल्या आई, जा, तुला मी माफ केलं!"

सुई उचलली गेली.

"छान," व्हर्नेटा म्हणाली. ताट तिने पुढे सारलं. "म्हणजे रेडिओवर हे लागणार. किराणा दुकानात लागणार. पहिल्या गाडीत दुसरी कोण बसली होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोक आधीच म्हणतात, नवरा टिकवता आला नाही आणि मयताला मात्र पुढे. आता चालीवर म्हणतील."

"तुझं नावही नाही त्यात, व्हर्नेटा."

"नाव कशाला लागतं? मेम्फिस आहे हे!"

"आणि मायचं काय?" होलिस उसळला. "एवढ्या वर्षांची चर्चची मदर, सगळ्या बायकांत मानाची. लोक तिच्या पाया पडायचे बाकी राहिलेत. तिला तू माफ करणार? तू? ड्रुसिला, हे गाणं निघणार नाही. माय, तू बोलू नकोस, मी बघतो."

"मी बोलू नको?" ओझेला म्हणाली.

होलिसने टायची गाठ सैल केली.

"माझं गाणं, माझं नाव, माझी गाडी. आणि मी बोलू नको. चर्चमध्ये तू डीकन. इथे तू माझा लंगोटात बघितलेला पोरगा. पाणी पी." मग ती खालच्या टोकाकडे वळली. "जोनेल, परत लाव ते."

"आजी, कशाला परत..."

"लाव म्हटलं ना."

दुसऱ्यांदा ओझेलाने डोळे मिटून ऐकलं. आता तिचं लक्ष ड्रुसिलाकडे नव्हतं, मागच्या आवाजाकडे होतं. कोण? तो आवाज शेवटचा सूर खाली टेकवत नव्हता, हवेतच सोडून देत होता. चर्चमध्ये गाताना असं करणारा एकच मुलगा होता, तिचा थॅडियस, आणि त्याबद्दल तिने त्याच्या पाठीत धपाटेही घातले होते. सूर पूर्ण कर, मेल्या, अर्धा टाकून कुठे पळतोस!

ती डोळे न उघडताच म्हणाली, "पोरी, तो काटा खाली ठेव आणि तुझ्या आईला सांग."

जोनेलने काटा ठेवला. "तो माझा आवाज आहे, आई."

व्हर्नेटाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. "तुला नर्सिंगच्या शाळेत जागा हवी म्हणून मी लोकांच्या फरशा पुसल्या. आणि तू हिच्याकडे जाऊन माझ्यावरच गाणं म्हणून आलीस? हिने तुझा बाप नेला. आता तुलाही नेलं!"

"मी तिला बोलावलं नव्हतं," ड्रुसिला म्हणाली. "ती आपणहून आली. मी दोनदा परत पाठवली."

"तीनदा," जोनेल म्हणाली. ती आता रडत होती, पण आवाज चांगला खणखणीत होता. "आणि ते तुझ्यावर नाही, आई. तू ऐकलंच नाहीस नीट. मी गेले कारण मी त्या पहिल्या गाडीत होते. गाडीत मधे उघडायची घडीची सीट असते तिच्यावर बसले होते मी, आणि मागे वळून वळून तुम्हा दोघींकडे बघत होते. मागच्या बाकावर तीन माणसांची जागा होती. तुम्ही दोघी दोन खिडक्यांना. मधली जागा रिकामी होती."

ड्रुसिलाच्या हातातला ग्लास टेबलावर टेकला. "काय होती?"

"रिकामी. आजीची पर्स होती तिच्यावर."

होलिसने खिशातून रुमाल काढला आणि त्याचं काय करायचं ते न सुचून पुन्हा खिशात घातला. तो पुढे गाडीवाल्याशेजारी बसला होता, त्याला हे माहीत नव्हतं. ड्रुसिला ओझेलाकडे बघत राहिली. तिसरी गाडी, अर्कान्सासचा पाहुणा, तोंडात पेपरमिंटची गोळी घोळवत त्याने विचारलेला प्रश्न, हे सगळं तिने पचवून गाण्यात घातलं होतं. पुढे जागाच नसेल, असं तिने स्वतःला समजावलं असणार. माणूस आपली समजूत काढायला काहीतरी धरतोच.

"खरं आहे?" तिने विचारलं.

ओझेलाने मान खाली घातली नाही. "खरं आहे. होती जागा."

"आणि तुम्ही पर्स ठेवलीत."

"ठेवली. पोर्चपोर्चवर सगळं ऑरेंज माउंड उभं होतं. माझा पोरगा पेटीत. पेटी कोणती ते होलिसने ठरवलं, कपडे व्हर्नेटाने ठरवले, गाणी पाद्रीने. माझ्या हातात एवढंच उरलं होतं, कुणी कुठे बसायचं. ते मी ठरवलं, आणि माझ्या रीतीने ठरवलं. लग्नाची बायको पुढे. आज तो गाड्यांचा माणूस पुन्हा समोर येऊन उभा राहिला, तरी व्हर्नेटाला मी पहिल्या गाडीतच बसवीन."

"मी सरकले असते," व्हर्नेटा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती अजून उभीच होती, खुर्चीच्या पाठीला धरून.

"मला कुणी विचारलं असतं तर मी सरकले असते, मदर. मला ती आवडत नाही. आजही आवडत नाही. पण त्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याचं अंग पुसलं ते हिने. मला ते माहीत होतं. पूर्ण रस्ताभर ती पर्स माझ्या कोपराला लागत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नाही."

ओझेला या घरात कुणालाही तोंडातून शब्द पडायच्या आत उत्तर देत असे. आता तिने ताटाच्या कडेचा माशाचा काटा उचलला, बघितला, पुन्हा ठेवला. या सुनेला तिने कायम भित्री समजलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, ही भित्री नसावी, हिला कुणी विचारतच नसावं.

"बस खाली," ती शेवटी म्हणाली, पण आवाज मऊ होता. "बस, व्हर्नेटा. पाय दुखतील."

व्हर्नेटा बसली. मघाच्या जागेवर नाही, जोनेलच्या शेजारी. मुलीकडे न बघताच तिने आपला रुमाल तिच्यापुढे सरकवला.

"मग काय करू?" ड्रुसिलाने विचारलं. "काढून टाकू गाणं?"

"काढ," होलिस म्हणाला. "आता तर काढच."

"होलिस, ते पाणी संपव." ओझेलाने हॅटची पिन काढली, हॅट डोक्यावरून उतरवली आणि टेबलावर मक्याच्या पावाशेजारी ठेवली. "गाणं काढायचं नाही. का काढायचं? ही कुठे खोटं बोललीये? गाड्या तीन होत्या, ही तिसरीत होती, त्या अर्कान्सासच्या गाढवाने विचारलं असणारच, त्याला कुठे काय विचारावं ते जन्मात कळलं नाही. लोक ऐकतील. ऐकू देत! या गल्लीत दुसऱ्या कुणावर कुणी गाणं केलंय का? त्या समोरच्या मिसेस टॉलिव्हरवर तर कुणी शिट्टीसुद्धा मारायचा नाही."

जोनेलला हसू फुटलं, रडता रडताच.

"पण एक ओळ खोटी आहे. ती काढ."

"कुठली?"

"ट्रम्पेटच्या साथीने गातेस ती. माफ केलं म्हणे. मी मागायला आले होते तुझ्या दाराशी? आणि कशाची माफी दिलीस? पर्स तुला आत्ता कळली. काय झालं तेच माहीत नव्हतं, त्याची माफी आधीच वाटून मोकळी झालीस. ही कसली माफी! ही तर पोस्टाने आलेली भेट, आत काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत नाही."

ड्रुसिलाने ग्लासमधला बर्फ हलवला. मग सावकाश म्हणाली, "कंपनीला तीच ओळ सगळ्यात आवडते. नॅशव्हिललाही त्यांनी तेच सांगितलं. माफ कर, मग बरी होशील. मला बरं व्हायचं होतं, मिस ओझेला. फार घाई होती मला."

"दिसली. तुझी सगळी गाणी चालत चालत येतात आणि त्या एका ओळीत तू धावत सुटतेस."

"तर मग त्या जागी काय गाऊ? पर्स?"

"गा पर्स. काळी होती, कातडी, वर पितळेची कडी. गाणार असशील तर बरोबर गा. उगाच लाल करू नकोस, मयताला मी लाल पर्स नेत नाही."

"आणि तुम्ही? तुम्हाला चालेल?"

"मी चर्चच्या पहिल्या बाकावर बसते. कुणी बघायला वळलं तर मी उलटून बघीन."

ड्रुसिलाने बोटांनी टेबलावर ठेका धरला. काही वेळ नुसताच ठेका. मग वाद्याशिवाय, दबक्या आवाजात, ती जागा शोधत शोधत गाऊ लागली. "पहिल्या गाडीत तिघींची जागा, बसल्या होत्या दोघी. मधे बसली काळी पर्स, तिला कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही त्यांच्या कोण?" दुसऱ्यांदा म्हणताना जोनेलने मागून सूर धरला. व्हर्नेटाने तिला थांबवलं नाही. होलिसचा पाय पुन्हा सुरू झाला होता आणि या वेळी त्याने तो आवरला नाही.

माफीच्या ओळीपाशी येऊन ड्रुसिला थांबली. तिथे आता काही नव्हतं. ठेकाही थांबला. ती ओझेलाकडे वळली, आणि गाण्याच्या आवाजात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, मिस ओझेला."

होलिस अर्धवट उठला. ओझेलाने त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तिचे डोळे ड्रुसिलावरून हलले नव्हते, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं की काय ते तिथल्या कुणाला नीट सांगता आलं नसतं, कारण ओझेलाच्या डोळ्यांकडे एवढा वेळ बघायची कुणाला सवय नव्हती.

"आता सुरात आलीस," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."